सासूबाईंची अट आणि खंडाळ्याचा घाट

माझी सायकल सासूबाईंच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून खुपत होती. मी पुण्यात वाढलेली. तिथं मुली सर्रास सायकलवरून कॉलेजात जायच्या, कुणी मान वळवून बघायचंही नाही. एकोणीसशे पन्नासच्या सुमारास लग्न होऊन अंबरनाथला आले, तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर सायकलही आणली आणि चिखलोलीच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. चिखलोली म्हणजे तेव्हा भाताची खाचरं आणि थोडी घरं. ना बस, ना स्टेशन. सायकल होती म्हणून नोकरी होती.

पण आमच्या चाळीतल्या बायका मी निघाले की कठड्याशी उभ्या राहायच्या. सासूबाई घरात येऊन म्हणायच्या, "सूनबाईच्या पोटऱ्या साऱ्या अंबरनाथला दिसतात!" आणि माझे हे? कारखान्यात कारकून, स्वभावानं गरीब, आईपुढे मूग गिळून बसणारे. लग्नाला वर्ष होत आलं तरी माझ्या बाजूनं एक चकार शब्द काढला नव्हता. खरं सांगते, सासूबाईंपेक्षा मला त्यांचाच राग जास्त यायचा.

एके दिवशी सासूबाईंनी सायकलला गिऱ्हाईकच शोधून आणलं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ही सायकल खंडाळ्याचा घाट चढेल, एवढी दणकट आहे! ती अशी फुकापासरी विकायची?"

खंडाळ्याला सासूबाईंचे भाऊ राहायचे. त्यांच्या नातवाचं बारसं पंधरवड्यावर आलं होतं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मग बारशाला सायकलवरूनच ये. पण एकटी नाही, नवऱ्याला घेऊन. वाटेत हवं तेवढं थांबा. पण दोघांपैकी कुणी सायकल हातानं ढकलली, की तुझी विकायची."

"कबूल!" मी म्हणून बसले. आमच्या जिभेला हाड नाही ना!

यातली मेख नंतर कळली. आपल्या लेकाचा दम किती ते त्या माऊलीला चांगलं ठाऊक होतं. शाळा सुटल्यापासून ह्यांनी सायकलला पाय लावला नव्हता. त्यांच्यासाठी उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून सायकल भाड्यानं घेतली. घाटात जाणार म्हटल्यावर त्यानं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि मला म्हणाला, "भाभीजी, उतरते वक्त ब्रेक देखना. चढते वक्त साहब को देखना."

सासूबाई आदल्या दिवशीच आगगाडीनं पुढे गेल्या. आम्ही उजाडताना निघालो. थंडीचे दिवस होते. बदलापूर गेलं, नेरळ गेलं, कर्जत गेलं. रस्ता खडबडीत, पण सपाट. हे चक्क शीळ घालत होते! खोपोलीला पिठलं-भाकरी खाल्ली आणि मान वर करून डोंगराकडे बघितलं. ह्यांची शीळ बंद झाली.

घाट सुरू झाला तशी त्यांची सायकल रस्ताभर नागमोडी जायला लागली. थोडं चढायचे, थांबायचे, धापा टाकायचे. एक मालट्रक रखडत वर चालला होता. म्हणाले, "अगं, ट्रकची मागची साखळी धरू का? ढकलली असं नाही व्हायचं."

"अहो, खबरदार!" मी ओरडले. "पडलात तर मी सासूबाईंना काय तोंड दाखवू?"

मग मला एक युक्ती सापडली. टोचून बोललं की ते चिडायचे, आणि चिडले की चढायचे. नवऱ्याला अहो-जाहो करतच मी अख्खा घाट त्यांची खरडपट्टी काढली. "अहो, तुमच्यापेक्षा आमच्या गल्लीतले पेन्शनर बरे!" की हे दोन वळणं चढलेच. ट्रकवाले हसून हसून बेजार झाले. वारा गार होता, खाली सगळी दरी मोकळी पडली होती आणि मी मनातून भलतीच खूश होते. वर्षभराचं साचलेलं सगळं बोलून घेतलं.

शेवटच्या चढावर मात्र त्यांच्या पायात गोळा आला. आडवेच झाले रस्त्याकडेला. मी पाय चोळले, पाणी पाजलं. पाय काही सरळ होईना. मला नोकरी जाताना दिसायला लागली.

मी म्हटलं, "हे बघा, इथं कुणी बघत नाही. हळूहळू चालत या. गाव दिसायला लागलं की सायकलवर बसा. मी पुढे होते." त्यांनी मान डोलावली.

मी उरलेला चढ जीव खाऊन चढले. गावाच्या तोंडाशी सासूबाई भावाबरोबर उभ्याच होत्या. "आणि तो?" त्यांनी विचारलं. "येतायत मागून. सायकलवरून," मी ठोकून दिलं.

जरा वेळानं हे आले. लंगडत, भर रस्त्यातून, सायकल हातानं ढकलत! अस्सा संताप आला! एवढं साधं खोटं जमू नये माणसाला?

सासूबाईंचा चेहरा उजळला. त्या बोलणार इतक्यात हेच म्हणाले, "आई, मी ढकलत आणली. माझ्यानं नाही झालं. ही सबंध चढून आली. तिची सायकल विकायची नाही."

"अरे, पण अट ठरली होती!"

"तुमच्या दोघींची ठरली. मला कुणी विचारलं होतं?" धाप लागली होती, पण नजर खाली गेली नाही. "ती सायकलनंच शाळेत जाईल."

सासूबाई आ वासून लेकाकडे बघत राहिल्या. मामा खोकल्याचं निमित्त करून पलीकडे वळले. मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. "बरं तर. मग गिरणीवरचं दळणही आता त्याच सायकलवरून आण."

"आणीन," मी म्हटलं, आणि तिथंच रस्त्यात भडाभडा रडायला लागले. सासूबाईंना वाटलं, दळणाचं ऐकून रडतेय.