एका फायलीचे दोन रक्तगट

ती घटना आजही आठवते, असं लिहायची आम्हा निवृत्त पोलिसांत पद्धत आहे. मी म्हणेन, ती आजही माझ्या डोक्यात पुरती शिरलेली नाही. काय घडलं ते कळलं, तपासही पूर्ण झाला. पण गुन्हेगार कोण, असं विचारलंत तर मी अजून गडबडतो.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. कोल्हापुरातल्या हॉस्पिटलांत कॉम्प्युटर आले होते, आमच्या ठाण्यात अजून टाईपरायटर खडखडत होता. सकाळची हजेरी चालू असताना फोन वाजला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "शिवाजी पेठंजवळच्या हॉस्पिटलात लॅबमधली बाई रिपोर्ट बदलती. माणूस मेल्यावर येणार हाय काय?" आणि फोन आपटला. कुठल्यातरी पेशंटचा नातेवाईक असावा.

गेलो. हॉस्पिटलचे मालक डॉक्टर तापलेलेच होते. ऑपरेशनच्या पेशंटच्या रिपोर्टवर रक्तगट चुकीचा पडला होता. रक्त चढवण्याआधी पुन्हा जुळवून बघतात, म्हणून बिचारा वाचला. "मुद्दाम केलंय. रजेवरून माझ्याशी भांडली होती. आत टाका तिला," डॉक्टर म्हणाले. लॅबला त्यांनी आधीच कुलूप घातलं होतं. तिचा कॉम्प्युटर आत तसाच चालू होता.

ती बाई नेसरीची. चौकशीला बोलावली तर बरोबर वडील आले आणि ठाण्याच्या बाकावर बसून राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शिपायाला सांगायचे, "सायेब, माजी पोरगी लबाड न्हाय." अटक झाली असती तर कुठल्याही लॅबनं तिला पुन्हा दारात उभं केलं नसतं, हे त्यांनाही कळत होतं.

महिला शिपाई बसवून मी तेच तेच प्रश्न फिरवून विचारले. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या वेळी सांगताना जबाब सुधारून सांगतो, असा माझा अनुभव. ही बाई शब्दही बदलेना. शेवटी भडकली. "मी बी पॉझिटिव्हच लिहिलंय की! माझ्या कॉम्प्युटरवर बघा जावा."

पंच घेऊन लॅब उघडली. तिच्या कॉम्प्युटरवर ती फाईल उघडीच होती. रक्तगट बी पॉझिटिव्ह. डॉक्टरांच्या खोलीत तीच फाईल उघडली, तर ए पॉझिटिव्ह! सगळे रिपोर्ट वायरनं जोडलेल्या एकाच पेटीत साठवलेले, मग फाईल एक आणि रक्तगट दोन कसे? पंच माझ्याकडं बघायला लागले. मी कुणाकडं बघू? आयला, खून परवडला, असं झालं मला.

ही पेटी आणि वायरी बसवणारा इंजिनिअर हातकणंगल्याचा. त्याला ठाण्यात आणला. काहीही विचारा, एकच उत्तर, "सगळं ओके आहे साहेब." मी कंटाळलो. तेवढ्यात कोपऱ्यात वायरलेसवर मेसेज आला. आमच्या ऑपरेटरनं तो उतरवून घेतला आणि नेहमीप्रमाणं कंट्रोलला जसाच्या तसा परत वाचून दाखवला. इंजिनिअर वैतागला. "एकच मेसेज दोनदा कशाला?"

"नीट पोचला का ते कळावं म्हणून. तुमचं यंत्र नाही करत असं?"

त्यानं वायरलेसकडं बघितलं. मग खाली मान घालून म्हणाला, "करत होतं, साहेब."

पाणी प्यायला दिलं, मग सगळं बाहेर आलं. कॉम्प्युटर आणि पेटी यांच्यामध्ये निरोप्याचं काम करणारा एक प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. वायर खराब झाली होती. माहिती पेटीत पोचली नाही, असं तो ड्रायव्हर लाल अक्षरांत सारखा ओरडायचा, तेही पेशंटच्या देखत. डॉक्टर खेकसले, "ते लाल बंद कर आधी!" या इंजिनिअरनं वायर बदलली नाही, ड्रायव्हरचं तोंड बंद केलं. पोचलं का ते बघायचं नाही, फक्त 'झालं' म्हणायचं. गस्तीला न जाता 'सगळं ठीक, साहेब' सांगणारा हवालदार असतो, तसलाच प्रकार.

त्यात लॅबमधली रीत अशी, की नवा रिपोर्ट कोणी करायचाच नाही. आधीच्या पेशंटचाच उघडायचा, त्यावर नवं नाव आणि नवे आकडे लिहून नव्या नावानं ठेवायचा. त्या दिवशी नाव पेटीत पोचलं, खालचं पोचलंच नाही. पेटीत नव्या नावाखाली जुन्याचा रक्तगट राहिला, बाईंच्या पडद्यावर मात्र त्यांनी लिहिलेलाच दिसत होता. पंचांसमोर ड्रायव्हर पहिल्यासारखा करायला लावला, बाईंना एक रिपोर्ट साठवायला सांगितला. लाल अक्षरं लगेच झळकली.

माझ्या खोलीत सगळ्यांना बसवून हे सांगितलं. वडिलांचे डोळे भरून आले. "चल बाई, घरला जाऊया." मलाही फार हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पण ती उठेना. "साहेब, लाल अक्षरं बंद केल्यापासनं एवढे रिपोर्ट गेले. त्यांचं काय?"

मी शिपायाला सगळ्यांसाठी चहा सांगितला.

"आबा, तुम्ही व्हा पुढं," ती उठत म्हणाली. "पेशंटना परत बोलवायला लागंल. मी लॅबला जातो."

त्या रिपोर्टमध्ये मुद्दाम खोटं असं कोणीच लिहिलं नव्हतं, तरी खोटा रिपोर्ट तयार झाला. नोकरीभर मी लबाड माणूस शोधत आलो. इथं सापडली ती फक्त गप्प केलेली तक्रार. तिला कुठलं कलम लावायचं, ते मला निवृत्तीपर्यंत सुचलं नाही. एवढं मात्र पक्कं आठवतं, आम्ही सगळे प्रकरण मिटलं म्हणून चहा मागवत होतो, आणि जिला आत टाकायचं म्हणून बोलावलं होतं ती एकटीच तपासाला निघाली होती.