घरमालकीणबाईंची तब्येत

आमच्या घरमालकीणबाईंना जगातले सगळे आजार झालेले होते, फक्त आजारी पडायला त्यांना जन्मात कधी वेळ मिळाला नाही. मी सगळी उमर विम्याच्या धंद्यात काढली, शेकडो माणसांच्या प्रकृतीचे फॉर्म भरले, पण इतकी धडधाकट आणि इतकी रडकी बाई दुसरी पाहिली नाही. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता, आणि कंपनीने मला नागपूरहून उचलून आरमोरीला आणून टाकलं होतं. बाईंच्या अंगणाकडची खोली मी भाड्याने घेतली. पहिल्याच सकाळी त्या विहिरीवर दिसल्या म्हणून रीतीप्रमाणे मी विचारलं, "काय बाई, तब्येत बरी आहे ना?" झालं! "कायची तब्येत जी भाऊ! कंबर तं गेल्यातच जमा आहे. डोकं ठणकून राह्यलं. डोळ्यापुढी अंधारी येते. यंदाचा रोवणा पाहीन का नाई, देव जाणे!" हे सगळं त्या बोलत होत्या तेव्हा एक भरलेला हंडा डोक्यावर होता, दुसरा कमरेवर, त्याच गेल्यातच जमा असलेल्या कमरेवर, आणि उरलेल्या हाताने त्या माझी बादली ओढून देत होत्या. मी ओशाळून बादली घ्यायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या, तुमच्यानं होणार नाई."

चौदा बांध्यांची, म्हणजे चौदा खाचरांची, धानाची शेती ही विधवा बाई एकटी करायची. रोवण्याच्या दिवसांत, भाताची लावणी सुरू झाली की, पहाटेपासून गुडघाभर चिखलात वाकलेली असायची, हाताखालच्या तरुण बायका दमून बांधावर टेकायच्या आणि ही त्यांना गाणं म्हणून उठवायची. एकदा नाल्याला पूर आला आणि शेजाऱ्याचं वासरू वाहून चाललं. चार गडी काठावर उभे राहून 'अरे धरा, अरे धरा' करत होते. बाई लुगडं खोचून पाण्यात उतरल्या, वासराला बगलेत मारून वर घेऊन आल्या आणि त्याला जमिनीवर ठेवता ठेवता म्हणाल्या, "माझ्या अंगात तं आता ताकदच राह्यली नाई बाप्पा." त्या चार गड्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

आता हे रडगाणं ढोंगाचं होतं असं कोणी समजू नये. त्यामागे बाईंचं पक्कं शास्त्र होतं. आपलं बरं चाललंय हे तोंडाने बोललं की नजर लागते. त्या मुलखात हे थोडंबहुत सगळेच पाळतात, पण बाईंनी त्याची पार विद्याच केली होती. कोणाचं गुबगुबीत पोर दिसलं की म्हणायच्या, "कशी सुकून गेली वं पोरगी!" आणि त्या पोरीची आई खूश व्हायची. बांधीत धान लोंब्यांनी वाकलेलं असलं तरी, "पोचट आहे सारं." माझ्या पहिल्या वर्षाच्या कामाचं कंपनीकडून कौतुकाचं पत्र आलं ते मी वाचून दाखवलं, तर घाबरून इकडेतिकडे पाहत म्हणाल्या, "हळू बोला भाऊ. नोकरी गेली म्हणून सांगा लोकायले."

अशी बाई एक दिवस आपण होऊन माझ्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "भाऊ, माझा जीव लिहून घ्या."

कारण सुमन. सुमन ही बाईंच्या वारलेल्या बहिणीची मुलगी. दोन वर्षांची असताना बाईंनी तिला आणली, वाढवली, आणि आता ती नागपूरला मास्तरणीचं शिक्षण घेत वसतिगृहात राहत होती. तिचे काका टपूनच बसले होते. मावशी आहे तोवर शिक, मावशी गेली की लगीन, असं त्यांनी चारचौघांत बोलून दाखवलं होतं. बाईंची शेती सासरची. त्या गेल्या की ती दिरांकडे जाणार. म्हणजे मुलीच्या नावाने मागे ठेवता येईल असं बाईंजवळ स्वतःच्या जिवाशिवाय काहीच नव्हतं. तो त्या माझ्याकडे घेऊन आल्या होत्या.

कंपनीचे डॉक्टर दर सोमवारी ब्रह्मपुरीहून यायचे आणि एका धान-व्यापाऱ्याच्या ओसरीवर बसून तपासणी करायचे. मूळचे पुण्याकडचे, तरुण, टापटिपीचे, आणि ऐकलेला प्रत्येक शब्द खरा मानणारे. वजनाला व्यापाऱ्याचा धानाचा काटाच वापरायचे. पारड्यात बसायला बाई तयार होईनात, कारण वजन भरलं तर ते सगळ्या ओसरीने पाहिलं असतं. शेवटी पदरात मीठ-मिरची बांधून बसल्या आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पुन्हा पाहिली. रक्तदाबाचं यंत्र लावलं, ते बिघडलं असेल असं वाटून माझ्या दंडाला लावून बघितलं. यंत्र शाबूत होतं, रक्तदाब माझाच वाढलेला निघाला. मग प्रश्न सुरू झाले.

"खोकला येतो?"

"येते ना जी. लई."

"कधीपासून?"

"जन्मापासून."

"घेरी?"

"आताच येऊन राह्यली."

"छातीत धडधड?"

"ते तं बंदच नाई होत."

"वडील कशाने वारले?"

"अस्वलानं."

डॉक्टरांनी छापील रकाने वरपासून खालपर्यंत शोधले, अस्वल कुठेच बसेना. त्यांनी लेखणी ठेवली आणि मला बाजूला घेतलं. "नाडी म्हणते ह्या बाई शंभर वर्षं जगतील. तोंड म्हणतं, आत्ताच खांदेकरी बोलवा. हे मी वर पाठवलं तर नामंजूर होणार. मी माझ्या मनाने काही लिहिणार नाही. प्रश्न मी विचारीन, उत्तर त्यांनी स्वतःच्या तोंडाने द्यायचं, खरं द्यायचं. पुढच्या सोमवारी आणा त्यांना." आणि तो फॉर्म त्यांनी फाडून टाकला.

तो आठवडा मी बाईंच्या मागे हात धुऊन लागलो. नुसती मान हलवा म्हटलं, तर डॉक्टर ऐकणार नव्हते. हळू आवाजात बोला म्हटलं, तर म्हणाल्या, "देव काय बहिरा आहे?" प्रत्येक 'नाही' नंतर थू थू करा म्हटलं, तर माझ्याकडे असं पाहिलं की मीच दोन पावलं मागे सरलो. शेवटी मी चिडलो. "बाई, अहो नुसते शब्द आहेत हे! शब्दाने कोणी मरतं का?"

बाई धान पाखडत होत्या. सूप थांबलं. "माझे मालक मेले," त्या म्हणाल्या. "तहसीलचा चपराशी आला होता. त्यानं पुसलं, तब्येत कशी आहे पाटील? तं छातीवर हात मारून म्हणे, वाघासारखी! मले काय होते? मी तिथीच उभी होती भाऊ. आठव्या दिवशी तापानं गेले." आणि पुन्हा पाखडायला लागल्या. मी तो विषय सोडून दिला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "हे सारं बोलल्यावर मी मेली, तं पोरीले पैसे भेटतीन का?" मी आपला नियम सांगितला. आधी कागद नागपूरला जाणार, मंजुरीचं पत्र येणार, मग. पत्राला किती दिवस? पंधरा तरी धरा. "पंधरा," बाई म्हणाल्या, आणि उठून गोठ्यात गेल्या.

सोमवारी त्या आल्या ते न्हाऊन, नवं लुगडं नेसून. ओसरीवर नेहमीची गर्दी होती. धान घेऊन आलेले शेतकरी, हमाल, दोन-चार बायका. डॉक्टरांनी नवा फॉर्म काढला. "खोकला?" बाई इतका वेळ गप्प राहिल्या की डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. मग म्हणाल्या, "नाई." ओसरीवर कुजबुज झाली. घेरी? "नाई." ताप, दमा, पोटदुखी? "नाई. नाई. नाई." छातीत धडधड होते का, असं विचारलं तेव्हा त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ हलताना मला दिसत होती. "नाई," बाई म्हणाल्या. सोळा प्रश्न झाले. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "एकंदरीत तुमची प्रकृती कशी आहे?" फॉर्मात 'चांगली' एवढं म्हटलं की भागतं. पण बाई उठून उभ्या राहिल्या आणि साऱ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चांगली आहे जी. मले काई झालं नाई. कधीच झालं नाई." मग सुमनने शिकवलेली सही त्यांनी एकेक अक्षर दाबून केली. एक म्हातारा हमाल नकळत हात जोडून उभा राहिला होता.

मी तर हवेत होतो. गावभर सांगत सुटलो की जे आजवर कोणाला जमलं नाही ते मी केलं, बाईंना बोलतं केलं! आणि त्यानंतर बाई पार बदलल्या. शेतात जाणं बंद. विहिरीवर जाणं बंद, पाणी शेजारची कोष्टीणबाई आणून द्यायची. दिवसभर अंगणात बाजेवर बसून राहायच्या, पेज प्यायच्या, साप-विंचवाच्या भीतीने पाय वर घेऊन. आणि तक्रार एक नाही! कंबर नाही, डोकं नाही. बाई कण्हत नाहीत म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर झालंय, असं समजून लोक भेटायला यायला लागले. मी मनात म्हटलं, विमा काढला तशी बाई राणीसाहेब झाली.

अठराव्या दिवशी मंजुरीचं पत्र आलं. मी वाचून दाखवलं. बाईंनी ते दोनदा वाचायला लावलं, कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि एकदम बाजेवरून उतरल्या. "कंबर लई दुखून राह्यली भाऊ! बसून बसून माझं काई खरं नाई!" असं म्हणत हंडा उचलून विहिरीकडे निघाल्या. मी हसत सुटलो. कोष्टीणबाई मात्र तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली.

तिने मग सांगितलं. त्या सोमवारी पहाटे बाई तिच्याकडे गेल्या होत्या. पेटीची किल्ली दिली, गाय कोणाला द्यायची ते सांगितलं. आपल्या अंगावर टाकायचं कापड कुठे ठेवलंय ते दाखवलं. आणि शपथ घातली होती, "मी गेली तरी परीक्षा होयेपर्यंत पोरीले कळवू नोका." मग नवं लुगडं नेसून त्या ओसरीवर मरण बोलावून घ्यायला आल्या होत्या. पुढचे अठरा दिवस रोज उजाडलं की त्या कोष्टीणबाईला विचारायच्या, पत्र आलं का? आठवा दिवस सरला त्या संध्याकाळी दोघी एकमेकींना धरून रडल्या होत्या. भिंतीच्या अलीकडे मी माझ्या वाक्चातुर्यावर खूश होऊन शीळ घालत बसलो होतो.

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही, आणि कोणाचा इतका अभिमानही कधी वाटला नाही. बाई पाणी घेऊन आल्या तेव्हा मी विचारलं, "एवढं भेव होतं, तर मला सांगायचं तरी!" त्या म्हणाल्या, "तुमाले सांगून काय करू जी? तुमी तं खोलीच खाली केली असती," आणि मला हंडा उतरवायला हात लावू दिला.

सुमन मास्तरीण झाली, पुढे शाळेची मोठी बाई झाली. विम्याची मुदत संपली तरी मावशी तिच्याकडे कण्हत-कुंथत धान निवडत होती. आता त्या नाहीत. हप्ते भरणारे मला खूप भेटले. स्वतःचा जीव असा शब्दशः पुढ्यात ठेवणारं माणूस ते एकच. त्या सोमवारनंतर मी कोणाचाही फॉर्म घाईने भरला नाही. सोबत काम करणारे चेष्टा करायचे की ह्याला एका माणसाला अर्धा दिवस लागतो. लागू दे. मी प्रश्न वाचतो, लेखणी खाली ठेवतो आणि थांबतो. समोरच्याला 'नाही' म्हणायला किती जोर लागणार आहे, हे मला कुठे ठाऊक असतं?