मेलेली लाख

शाळेत गुरुजी सांगत, पदार्थाच्या अवस्था तीन: घन, द्रव आणि वायू. तापवलं की घन पघळतं, थंड केलं की पुन्हा घन होतं. माझे मावसे दुधराम गोंदियात लाखेच्या भट्टीवर कारागीर होते. त्यांना मी हे मोठ्या ऐटीत म्हणून दाखवलं.

"लाख तशी नाही बापू," ते म्हणाले. "जास्त शेकली का मरते. मंग कितीबी तापव, पघरत नाही. जळून जाते."

पळसाच्या फांद्यांवरून काढलेली लाख धुऊन लांब कापडी पिशवीत भरत. एक टोक निखाऱ्यांपुढे धरून मावसे बसायचे, दुसरं टोक देवकामावशी पिळायची. लाख कापडातून पाझरली की मावशांना ती लगेच खरवडून घ्यावी लागे, नाहीतर जास्त शेकायची. जन्मभर त्या आगीकडे बघून मावशांचे डोळे गेले. हे मालकाला कळलं तर भट्टीपुढची बैठक सुटणार, आणि दुसरं काम त्यांना येत नव्हतं. म्हणून दोघांनी आपसात ठरवलं: लाख पाझरली की मावशीने पिशवीला हलका झटका द्यायचा. भट्टीवरचे म्हणायचे, काय जोडी जमली आहे. रोज शेजारी बसून एकालाही काही दिसू नये, याचा मला अजून संताप येतो.

मग दवनीवाड्याला माझा मामा अंथरुणाला खिळला आणि मावशीला जावं लागलं. मावशांनी घरी राहायला हवं होतं. पण रिकामी बैठक दुसऱ्याला जाते, या धास्तीने ते कामावर गेले. मुकादमाने पिळायला बकाराम नावाचा नवा गडी दिला. मावसे झटक्याची वाट बघत राहिले. लाख पाझरून थांबली हे बकारामला दिसत होतं, पण एवढ्या जुन्या कारागिराला आपण काय सांगणार, म्हणून तो गुमान पिळत राहिला. पिशवीतली लाख चिवट झाली आणि मेली.

मुकादमाने मावशांच्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला. पापणी लवली नाही. त्याच दिवशी मावसे-मावशी दोघांचं काम सुटलं. मावशांनी तेवढा मेलेला गोळा मागून आणला.

पुढे मावशी दुसऱ्यांच्या शेतात धानाच्या रोवणीला जायची. मावसे चुलीपाशी गोळा शेकत बसायचे. एकदा पघळला की मुकादमाला नेऊन दाखवू, असं त्यांनी मनात धरलं होतं. लाख मरते म्हणून मला शिकवणारा हाच माणूस.

मी शेवटचा गेलो तेव्हा त्यांनी मावशीला विचारलं, "पघरली का वो?"

गोळा कडेने काळा पडून जळत होता. मावशी म्हणाली, "होऊन राहिली नरम."

"मंग उद्या जाऊ भट्टीवर."

सकाळी मी निघालो तेव्हा मावशी कधीच शेतावर गेली होती. मावसे डोक्याला फडकं बांधून, गोळा मांडीवर घेऊन दारात बसले होते. पाऊल ऐकून त्यांनी मला मावशीच समजून हात पुढे केला.