तारणाऱ्याची जागा

दुपारचा एक वाजला की जुन्या नर्स एस्तेरबाई दवाखान्याचं मधलं दार लावून घ्यायच्या. बाळंतपणाची बाई किंवा साप चावलेला माणूस आला तरच ते उघडायचं, बाकीच्यांनी दोनपर्यंत ओट्यावर बसायचं. मी मुखेडहून नवीनच नर्स म्हणून आले होते. येशूचं नाव घेणारी बाई आजारी माणसांना ताटकळत ठेवते, हे काही केल्या मला पटेना.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि त्यात दुष्काळ. उदगीरकडच्या त्या गावात डॉक्टरची जागा मंजूर होती, डॉक्टर मात्र नव्हता. सगळा कारभार आम्हा दोघींवर. त्या दाराआड बाई करतात तरी काय, या कुतूहलानं मला चैन पडेना. शेवटी एकदा फटीला डोळा लावला. बाईंनी सावकाश भाकरी खाल्ली, तळपायांना तेल चोळलं, दोन मिनिटं डोळे मिटून हात जोडले आणि आडव्या होऊन चक्क घोरायला लागल्या. घ्या! मला वाटलं होतं, तासभर गुडघ्यांवर प्रार्थना चालत असेल.

मी विचारलंच. बाईंना राग आला नाही. देवानंसुद्धा सहा दिवसांत जग घडवून सातव्या दिवशी हात थांबवला, म्हणाल्या. झोप हीसुद्धा त्याचीच देणगी, ती नाकारणारे आपण कोण लागून गेलो? मला हे सोयीचं बोलणं वाटलं. मी इरेला पेटले. बाई आत गेल्या की मी ओट्यावर बसून माणसं तपासायची. गावात माझं नाव झालं, आणि खोटं कशाला बोलू, ते मला लई गोड लागलं.

उन्हाळ्यात पाझर तलावाच्या कामावर जुलाबाची साथ आली. तीन दिवस मी पाठ टेकली नाही. बाईंनी चारदा निजायला सांगितलं, मी ऐकलं नाही. चौथ्या सकाळी एक मजूरबाई दोन वर्षांचं लेकरू घेऊन आली. त्याचे डोळे खोल गेलेले. मी पाण्यात साखर-मीठ कालवलं आणि वाटी त्याच्या ओठांना लावणार, तोच बाईंनी माझा हात धरला. असलं पाणी आधी स्वतः चाखायचं, ही त्यांची पद्धत. त्यांनी घोट घेतला, थुंकला आणि पातेलंभर पाणी मोरीत ओतलं. त्या दिवसांत पाणी ओतणं! मी साखरेच्या मापानं मीठ घातलं होतं. ते पोटात गेलं असतं तर लेकरू दगावलं असतं.

बाईंनी दुसरं पाणी केलं, चमच्याचमच्यानं लेकराच्या तोंडात सोडायला लागल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "नव्या जिल्ह्यात सगळ्या जागा रिकाम्या हायत, पोरी. पण तारणाऱ्याची भरलेली हाय. तू कशाला अर्ज करायलीस? जा, नीज."

मी त्यांच्याच खाटेवर पडले. बाहेर कुणीतरी माझं नाव घेऊन विचारत होतं. "ती झोपलीया," बाई म्हणाल्या, "मी हाय." तो माणूस ओट्यावर बसला असावा. बऱ्याच वेळानं लेकरू रडलं, चांगलं खणखणीत. माझ्यावाचून सगळं चाललं होतं. त्याचं मला आधी वाईट वाटलं, मग हसू आलं, आणि मग झोप लागली.