पडद्यावरची फुली

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी संगणकाचे प्रोग्राम लिहायची. दौंडच्या रेल्वे कॉलनीतून रोज गाडीनं जाऊन-येऊन. माझ्याबरोबर मांडवगण फराट्याची एक मुलगी लागली होती. दौंडला मावशीकडं राहायची, म्हणून प्रवास एकत्र, डबाही एकत्र. तरी ती मला सलायची. मला डोकं खाजवावं लागे ते तिला खिडकीतून बाहेर बघता बघता सुचायचं.

तिथं टेबलात एक गोळा बसवलेला होता. तळहातानं फिरवला की पडद्यावर फुली सरकायची. माऊस हा शब्दही आम्ही तेव्हा ऐकला नव्हता. साहेबांनी दोघींना एकच काम दिलं. फुली एखाद्या चौकोनात शिरली की तो उजळला पाहिजे, बाहेर पडली की विझला पाहिजे.

शिरणं मला जमलं. बाहेर पडणं जमेना. चौकोनाच्या कडेवर मी पहारा ठेवला होता, पण गोळा जोरात फिरवला की फुली कडेला न शिवताच उडी मारायची आणि मागचा चौकोन उजळलेलाच राहायचा.

संध्याकाळी परतीच्या गाडीत पाटस स्टेशन गेल्यावर ती म्हणाली, "अगं, कडंवर कशाला बसतीस? फुली मघाशी कुठं होती आन् आत्ता कुठं हाय, एवढंच बघ. जागा बदलली तर मघाचा विझव."

"बघू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मशीन आधी तिला मिळालं. दुपारी साहेब सगळ्यांना बोलावून तिचे चौकोन दाखवत होते.

संध्याकाळी ती आमच्या घरी आली. "जयभीम, आप्पा," म्हणत वडिलांना सगळं सांगितलं.

"व्हय? म्हंजी हात फिरंल तशी खूण फिरती? नाव काढशील पोरी!" मग माझ्याकडं वळून, "आन् तुझं कवा व्हायचं?"

मी आत जाऊन पेटत्या स्टोला उगाच पंप मारत बसले.

महिन्याभरात तिला मुंबईच्या मोठ्या मशीनवर नेलं. तिचा प्रोग्राम सांभाळायला माझ्याकडं आला. मी त्यातली चूक शोधायला बसले, आणि सापडली. फुली पडद्याच्याच बाहेर गेली की गोळ्याकडून काही खबरच यायची नाही. शेवटचा चौकोन जळत राहायचा. मी मशीनच्या घड्याळाला मधूनमधून विचारायला लावलं, फुली अजून आहे का? नसली तर विझव. त्या दिवशी मी गाडीत एकटीच हसत होते.

ती सुट्टीवर आली तेव्हा मुद्दाम दाखवलं. तिनं गोळा गरागरा फिरवला.

"हे माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस की!" ती हसली. "मुंबईच्या साहेबांना सांगते, तुला पण तिकडं बोलवायला."

मनापासून म्हणाली. तेच जास्त लागलं. माझं जाणंही आता तिच्या शब्दावर. हो म्हणायला मी बरेच दिवस लावले. मग गेले.