डाव्या बाजूचे डॉक्टर

ती क्लिप मी कापली होती, आणि समजूनउमजून कापली होती. अमेरिकन फुटबॉलच्या एका खेळीतला नेमका भाग गाळून मी एका भल्या माणसाला त्याच्याच टीमसमोर दोषी ठरवलं. त्या माणसाबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

त्यांना आम्ही डॉक्टर म्हणायचो. मूळचे नागपूरचे, आता एडिनबराला असतात. तेव्हा नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते. चाळिशीला टेकलेले, रुंद, मान जवळजवळ नाहीच. रविवारी हेल्मेट चढवून इथल्या हौशी टीममध्ये डाव्या कडेला उभे राहायचे. नवा माणूस भेटला की हमखास सांगायचे, "आठवडाभर मी लोकांना झोपवतो. रविवारी लोक मला झोपवायला येतात."

माझा मुलगा त्याच टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याच्यापुढे पाच दांडगे गडी भिंतीसारखे उभे असतात. चेंडूशी त्यांचा संबंध नाही. फेकणाऱ्याला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, एवढंच त्यांचं काम. मुलगा डॉक्टरांना काका म्हणे, म्हणून हळूहळू सगळी टीमच काका म्हणू लागली. चिखलात लडबडलेला एखादा तांबड्या दाढीचा इंग्रज गडी 'काका' म्हणून हाक मारायचा तेव्हा मला फार गंमत वाटायची.

तुम्ही त्यांना सुपरमार्केटमध्ये पाहायला हवं होतं. दोन रॅकमधली मोकळी वाट दिसली की गुडघे वाकवून, तळवे पुढे धरून, बारीक पावलांनी ते मागे सरकायला लागत. बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, रिकामी ट्रॉली घेऊन अंगावर यायला सांगत.

"दूध घ्यायला आलोय आपण," वहिनी म्हणायच्या. "लोक बघताहेत."

"बघू दे ना. तू सरळ नको येऊ, बाहेरून ये."

सामन्यांचं शूटिंग माझ्याकडे होतं. सोमवारी संध्याकाळी ते आमच्याकडे येत आणि पोह्यांची प्लेट मांडीवर घेऊन लॅपटॉपसमोर बसत. माझी नजर चेंडूमागे धावायची. ते म्हणत, "चेंडू सोडा हो दादा. पाय दाखवा."

बघायला मला त्यांनीच शिकवलं. कडेने धावून येणाऱ्या माणसाला थांबवायचं नसतं, त्याला रेटत रेटत लांबचा वळसा घालायला लावायचा असतो, म्हणजे तो फेकणाऱ्याच्या पाठीमागून निघून जातो. अट एकच. फेकणाऱ्याने आपली जागा सोडायची नाही. "मला मागचं काही दिसत नाही," डॉक्टर म्हणायचे. "पोरगा जागेवर आहे, असं धरूनच मी चालतो."

त्या रविवारी पोरगा जागेवर नव्हता. समोरची गर्दी पाहून तो बावरला आणि मागे मागे सरकत गेला. डॉक्टरांनी आपला माणूस नेहमीसारखाच बाहेरून वळवला. तो वळसा थेट माझ्या मुलाच्या अंगावर येऊन संपला. कॉलरबोन मोडलं.

ए अँड ईमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या अपघात विभागात, डॉक्टर चिखलाने भरलेल्या जर्सीतच आमच्याबरोबर बसून राहिले. त्यांच्याच हॉस्पिटलातल्या नर्सने त्यांना ओळखलं नाही. तुम्हाला कुठे लागलंय, असं विचारून गेली. मुलगा त्या वेदनेतही हसला. "हसतो काय बे," ते त्याला म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

मंगळवारी क्लबच्या खोलीत सगळे मिळून फिल्म बघत. त्या सोमवारी डॉक्टर आले नाहीत, ती खेळी मी एकट्यानेच पाहिली, अर्थातच पायांकडे बघत. मुलाचे पाय मला स्वच्छ दिसले. हात गळ्यात अडकवून तो पलीकडच्या खोलीत पडला होता, आणि हा खेळ सोडू नकोस म्हणून त्याच्यामागे लागलेला मीच होतो. मी चित्र डॉक्टरांवर मोठं केलं. मुलगा चौकटीबाहेर गेला. मग पुढेमागेही कापलं.

मंगळवारी मी सगळ्यांना सांगितलं, की काकांचा ब्लॉक तुटला, त्यांचा माणूस त्यांच्या हातून निसटला. कोचने मान हलवली. डॉक्टर एवढंच म्हणाले, की तो माणूस माझा होता. पुढच्या सामन्यापासून ते बाकावर बसले.

मला वाटलं होतं, त्यांना खरं काय ते ठाऊक असणार. पण त्यांची तर मुलाकडे पाठ होती. त्यांनी काही पाहिलंच नव्हतं. मी जे दाखवलं, ते त्यांनी खरं मानलं. दोनदा त्यांनी मला विचारलं, "दादा, माझे पाय नेमके कुठे चुकले?" दोन्ही वेळा मी विषय बदलला. मुलासाठी डबा मात्र ते नेमाने आणून देत. दारातच ठेवून जात, आत येत नसत.

मग त्यांची एडिनबराला नोकरी ठरली. जाण्याआधी एकच सामना उरला होता. वहिनी भेटल्या तेव्हा सहज म्हणाल्या, "आता दुकानात गुपचूप चालतात हो. पोराचं हाड आपण मोडलं, हे काही त्यांच्या डोक्यातून जात नाही."

घरी येऊन मी मुलाला पूर्ण फिल्म दाखवली. त्याने ती शांतपणे पाहिली.

"मला माहिती आहे, बाबा. मी खूप मागे गेला होता," तो त्याच्या इंग्लंडी मराठीत म्हणाला. "तू काकाला सांगितला नाही?"

मंगळवारी मी ती खेळी न कापता लावली. डॉक्टरांनी मागून आवाज दिला, की पुन्हा एकदा दाखवा. पुढे वाकून त्यांनी आधी स्वतःचे पाय पाहिले, मग मुलाचे.

"बरोबर होते की पाय," ते स्वतःशीच म्हणाले.

कोचने जाहीर केलं, की रविवारी डावी बाजू काकांची. मुलांनी बाकं बडवली, कुणी तरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. फिल्म काढणाऱ्याची नजरचूक, असं सगळ्यांनी मनाशी धरलं होतं, आणि पुढची खेळी लावायची तेवढी राहिली होती. मी लॅपटॉप मिटला आणि उभा राहिलो. क्लिप मी कशी आणि का कापली, हे टीमला इंग्रजीत सांगितलं. मग त्यांच्याकडे वळलो.

"डॉक्टर, मला पहिल्याच दिवशी सगळं दिसलं होतं. पोराला झाकायला मी तुम्हाला पुढे केलं. माझं चुकलं. माफ करा मला."