कंधारजवळ, माशाच्या अंड्यातली फट पाहायला

मॅडमनी माझ्या प्रकल्पाच्या कच्च्या प्रतीवर पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: "हे तू पाहिलंस?" वाक्य माझंच होतं. माशाच्या अंड्यात पेशींची चादर बलकावर पसरत जाते आणि शेवटी पिशवीची नाडी ओढावी तसं तिचं तोंड आवळलं जातं. पाहिलं कुठे होतं? वाचलं होतं. अंतिम प्रत सोमवारी द्यायची होती, आणि कंधारजवळच्या एका मत्स्यबीज केंद्रात या मोसमातली शेवटची अंडी शनिवारी पहाटे निघणार होती. एक तर पाहायचं, नाहीतर वाक्य खोडायचं. शुक्रवारी दुपारी मी लातूर सोडलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते. अहमदपूरमार्गे नांदेडची एसटी धरा आणि लोह्याला उतरा. बायकांना अर्धं तिकीट. तिथून कंधारला बस मिळते, नाहीतर शेअर रिक्षा. रस्ता बरा आहे, दोन्ही बाजूंना पिवळं पडत आलेलं सोयाबीन. मी मात्र सगळा वेळ मांडीवरच्या गाठोड्याकडे बघत होते. गोधडीत कॉलेजचा मायक्रोस्कोप होता, सहीवर आणलेला.

"देव हाय का आत?" कंडक्टरनी विचारलं.

"मायक्रोस्कोप आहे."

"मग धरा नीट. देव पडला तर उठतोय तरी."

मुक्काम कंधारला मावशीकडे केला. सकाळी तिने मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊ घातला, आणि सातच्या रिक्षाने मी केंद्रावर पोचले. एक सूचना: अशा ठिकाणी आधी फोन करून परवानगी घ्या, आणि हाताला क्रीम, साबण काही नको. तिथले गंगाधरकाका आधी आपले हात हुंगून बघतात. तीस वर्षांपासून ते इथली अंडी सांभाळतात. गोल हौदात पाणी सतत फिरत होतं आणि त्यात लाखो अंडी, भिजलेल्या साबुदाण्यासारखी. काका मधूनमधून पाण्यात हात घालून वेग बघत. वेग कमी झाला की अंडी तळाला बसतात आणि मरतात, जास्त झाला की फुटतात. मीटर होता, पण त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

काकांनी वीस अंडी बशीत काढून दिली. भिंगाखाली पहिलं अंडं आलं. काचेसारखा गोळा, आत बलक, आणि बलकाच्या माथ्यावर पेशींची छोटी टोपी. पहाटे पाचला तिथे एकच पेशी होती. ही टोपी आता खाली खाली सरकणार होती, सगळा बलक पोटात घेईपर्यंत. मी बघतच राहिले, दिवा चालू ठेवून. जुना बल्ब, तापणारा. अर्ध्या तासात वीसही अंडी पांढरी पडली.

"इथं लाखानं हायेत, माय," काका म्हणाले. "वीस गेलेली मला कळतबी न्हाई."

"मला कळलं, काका."

त्यांनी दुसरी वीस दिली. आता मी नियम केला: दर पाच मिनिटांनी दिवा लावायचा, दहा अंक मोजायचे, बंद करायचा, बशीतलं पाणी बदलायचं. काकांनाही बघायला सांगितलं. एव्हाना टोपी अर्ध्यापाशी आली होती. मी ऐटीत समजावलं की तिच्या काठाला आवळणारं कडं असतं, नाडीसारखं, तेच तिला खाली आणतं.

काकांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि कपाळाच्या वर गच्च आवळला. रुमाल सटकून वर गेला.

"अर्ध्याच्या वर आवळलं की वर निसटतंय. तुमची नाडी खाली कशी येऊन राहिली?"

याचं उत्तर मी वाचलं होतं आणि अवघड म्हणून गाळलं होतं. माझी पहिली चार वर्षांची शाळा दम्यामुळे घरातच झाली, आईपुढे. तिथे चुकलं तर चुकलं म्हणता यायचं. ती सवय बाहेरच्या शाळेत कधी सुटली कोण जाणे. मी काकांना म्हटलं, चुकीचं सांगितलं. नुसतं आवळणं पुरत नाही. बलकावरचा थर कड्याकडे वर वाहत येतो, त्याच्याशी घासताना कडंच खाली ओढलं जातं. अर्धं ओलांडलं की मग आवळण्याचाही उपयोग होतो.

काकांनी रुमाल पुन्हा डोक्याला बांधला. "म्हंजे तळ्यात थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जड जाळं ओढावं, अन् जाळं येतंय म्हणता म्हणता आपणच जाळ्याकडं जावं. तसं हाय का?"

अगदी तसंच. मी ते वहीत उतरवून घेतलं.

साडेअकरापर्यंत फक्त एक गोल फट उरली होती. अकरा पन्नासला ती टाचणीच्या डोक्याएवढी दिसत होती. माझं बोट बटणावर होतं. दिवा तसाच ठेवला असता तर मिटताना दिसली असती. मी दहा मोजले आणि बंद केला. पाच मिनिटं मी पाण्याकडे बघत होते. अकरा पंचावन्नला पुन्हा लावला. फट नव्हती. जिकडेतिकडे पेशी, एकसंध, जणू तिथे कधी काही उघडं नव्हतंच. कुणी सांगितलं नाही, कुणी शिवलं नाही. ओढ, घासणं, आवळणं, एवढ्यावर. मला रडू आलं आणि काकांनी हौदाकडे तोंड फिरवलं.

त्याच संध्याकाळी परतले. जेवणाआधी वाक्य बदललं: "अकरा पन्नासला फट उघडी होती, अकरा पंचावन्नला मिटलेली. मिटताना मी पाहिलेली नाही." नाडी काढली, तिथे जाळं ओढणाऱ्या माणसाचं उदाहरण घातलं, आणि ते कुणी दिलं तेही लिहिलं. आधीच्या वाक्यापेक्षा हे कमी देखणं आहे. जे पाहिलं नाही ती पाच मिनिटं मात्र पाहिलेल्यापेक्षा जास्त मनात आहेत.

रविवारी सकाळी काकांचा फोन आला. "फुटली सगळी. पिल्लं पळून राहिलीत."

"माझ्या बशीतली?"

"ती कालच हौदात सोडली. आता कोणतं कोणाचं, कसं सांगू, माय?"

त्यांनी फोन पाण्याजवळ धरला. पिल्लांचा आवाज येत नसतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी मी ऐकत राहिले.